शहर आत वाढू द्यायचं की बाहेर? जुन्या वस्तीतल्या नव्या इमारतींबद्दल

तिठा

शहराच्या वाढीवरची चर्चा हटकून मजल्यांवर येऊन अडकते. चार चालतील, सात नकोत, बारा तर मुळीच नकोत. माझ्या मते वस्तीचं भलंबुरं ठरतं ते दोन वेगळ्याच गोष्टींवर. नवी घरं थोड्याथोडक्या ठिकाणी कोंबली जातात की वस्तीभर विभागून येतात, ही एक. आणि इमारत रस्त्याच्या पातळीवर पादचाऱ्याला काय देते, ही दुसरी. यावर इथे नीट बोलावं म्हणून हा धागा.

आधी माझी बाजू सांगतो. शहर आतच वाढावं, असं मला मनापासून वाटतं. वेशीबाहेर नवी वसाहत उभी राहते तेव्हा तिथे रस्ता, पाण्याची लाइन, ड्रेनेज, दिवे, शाळा, बस हे सगळं शून्यापासून न्यावं लागतं. घरं विरळ असली की दर घरामागे पाइपची लांबी वाढते. पाइप टाकण्याचा पहिला खर्च बऱ्याचदा बिल्डर करतो आणि सगळं पालिकेच्या ताब्यात देऊन मोकळा होतो. तीस-चाळीस वर्षांनी ते पाइप बदलायची वेळ येते, तेव्हा बिल अख्ख्या शहराच्या नावावर फाटतं. जुन्या वस्तीत यातलं बरंच काही आधीपासून असतं. शिवाय कुटुंबं लहान होत गेली, त्यामुळे घरं तेवढीच राहूनही माणसं कमी झालेल्या कितीतरी वस्त्या जगभर आहेत. तिथली शाळा विद्यार्थी नाहीत म्हणून बंद पडते आणि दहा मैलांवर नवी बांधावी लागते.

आता मजल्यांचं. पॅरिसमध्ये दर चौरस किलोमीटरला साधारण 20,000 माणसं राहतात आणि बहुतेक इमारती सहा-सात मजल्यांच्या आहेत. उलट, भोवती वाहनतळाचं मैदान घेऊन एकटे उभे असलेले टॉवर मोजले तर दाटी त्याच्या आसपासही जात नाही. म्हणजे उंची आणि दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

विभागून वाढ कशी होते याची दोन उदाहरणं मला महत्त्वाची वाटतात. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने 1998 मध्ये शहराच्या आतल्या वर्तुळात घराच्या प्लॉटचं किमान क्षेत्र 5,000 चौरस फुटांवरून 1,400 वर आणलं. एका जुन्या घराच्या जागी तीन जोडघरं उभी राहायला लागली. 2013 मध्ये हाच नियम बाकीच्या शहराला लागू झाला. न्यूझीलंडच्या ऑकलंडने 2016 च्या आराखड्यात निवासी जमिनीच्या साधारण तीन चतुर्थांश भागावर आधीपेक्षा जास्त घरांना परवानगी दिली. पुढच्या पाच-सहा वर्षांत घरबांधणीच्या परवानग्या जवळपास दुप्पट झाल्या, आणि त्यात मोठा वाटा दोन-तीन मजली जोडघरांचा होता. कुठल्याच एका गल्लीवर सगळा भार पडला नाही.

तुमच्या वस्तीत काय चाललंय? विरोध असेल तर नेमका कशाला आहे, तेही लिहा.

सावली

तिठा, आकडे पटले. पण मागच्या अंगणातल्या झाडांचं काय?

जुन्या वस्तीतली सावली बागेत किंवा रस्त्याकडेला कमी आणि खाजगी अंगणांत जास्त असते. त्या झाडांची कुठे नोंद नसते. प्लॉट विकला गेला की पहिल्याच आठवड्यात करवत येते. इमारतीखाली तळघर कुंपणापासून कुंपणापर्यंत खोदलं जातं आणि नकाशात हिरव्या रंगाने दाखवलेली 'बाग' प्रत्यक्षात तळघराच्या स्लॅबवर पसरलेली फूटभर माती असते. त्यात झुडपं येतात. मोठं झाड तिथे कधीच येणार नाही, मुळं जाणार कुठे?

नेदरलँड्सचे नागरी वनशास्त्रज्ञ सेसिल कोनायनेन्डाइक यांनी 2021 मध्ये एक साधी कसोटी मांडली होती: घरातून किमान 3 झाडं दिसावीत, वस्तीवर 30 टक्के झाडांचं छत असावं आणि 300 मीटरच्या आत बाग असावी. तुम्ही म्हणता तसं घरोघरी विभागून बांधकाम झालं तर पहिले दोन आकडे घरोघरी विभागूनच खाली येतील. एका टॉवरविरुद्ध लोक निदान एकत्र येतात. दर गल्लीत दोन-दोन झाडं गेली तर आवाज कोण उठवणार?

गवाक्ष

सावलीताईंचा मुद्दा अगदी बरोबर आहे आणि त्यावर उपायही आहे, म्हणून आर्किटेक्ट या नात्याने थोडं सविस्तर लिहितो.

तळघर कुठवर न्यायचं यावर मर्यादा घालता येते. प्लॉटचा ठरावीक हिस्सा 'खोल माती' म्हणून ठेवायचा, म्हणजे वर बांधकाम नाही, खाली तळघर नाही, फरशी नाही. ऑस्ट्रेलियातल्या काही शहरांत असे नियम आहेत. पण हिस्सा किती, याहून तो कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. आपल्याला सवय आहे ती चारही बाजूंनी सामासिक अंतर सोडायची. इकडे दोन मीटर, तिकडे दोन मीटर, मागे तीन. बेरीज केली तर जागा बरीच भरते, पण हाती येतात अरुंद बोळ. त्यात ना ऊन ना झाड. एसीचे बाहेरचे युनिट आणि तुटलेल्या कुंड्या ठेवायला त्यांचा उपयोग होतो. तेच दोन शेजारच्या इमारतींना भिंतीला भिंत लावून उभं राहू दिलं, तर बाजूंना वाया जाणारी सगळी जागा मागे एकत्र येते. शेजाऱ्यांची परसं एकमेकांना लागतात आणि गल्लीच्या पोटात सलग मोकळा पट्टा तयार होतो. मोठी झाडं तिथे जगतात.

मात्र हा पट्टा राखावा लागतो. बार्सिलोनाचं उदाहरण फार बोलकं आहे. 1859 मध्ये इल्देफोन्स सेर्दा यांनी जी आखणी केली त्यात साधारण 113 मीटरचे चौरस होते. प्रत्येक चौरसाच्या फक्त दोन बाजूंना इमारती, उंची 16 मीटर, मधे बाग. पुढे काय झालं? चारही बाजू बांधल्या गेल्या, मजले चढले, गच्च्यांवर आणखी मजले आले आणि मधल्या बागांत कारखाने, गोदामं, गॅरेज शिरली. विसाव्या शतकाच्या अखेरीला पालिकेने त्यातले काही अंतर्भाग एकेक करून सोडवायला आणि लोकांसाठी खुले करायला सुरुवात केली. एकदा भरलेली जागा रिकामी करायला किती पिढ्या जातात, ते यावरून कळतं.

दुसरा मुद्दा जिन्याचा. तो चर्चेत कधी येत नाही, पण घरातलं राहणं त्यावर ठरतं. उंच इमारतीला आगीच्या भीतीने दोन जिने सक्तीचे असले की ते जोडायला मधे लांब कॉरिडॉर येतो आणि दोन्ही बाजूंना फ्लॅट. मग जवळपास प्रत्येक घराला एकाच बाजूला खिडक्या. वारा आरपार जात नाही. लहान प्लॉटवर तर दोन जिने बसवताना घरासाठी जागाच उरत नाही, म्हणून बिल्डर शेजारचे चार प्लॉट एकत्र करतो आणि गल्लीत एकदम मोठा ठोकळा येतो. सिएटलमध्ये 1970 च्या दशकापासून सहा मजल्यांपर्यंत एकाच जिन्याची मुभा आहे, पण दर मजल्यावर जास्तीत जास्त चार घरं आणि आगीसाठी स्प्रिंकलर हवेत. अशा नियमात एका प्लॉटवर नीटस इमारत बसते आणि घराला दोन-तीन दिशांनी उजेड मिळतो.

भाडेकरू_मी

चर्चा छान आहे, पण सगळे मालकांच्या बाजूने बोलताय.

जुनी इमारत पाडून नवी बांधतात तेव्हा आधी तिथे राहत कोण होतं? बहुतेकदा आमच्यासारखे. जुनी इमारत म्हणजे जुनं भाडं. नवी घरं दुप्पट येतील आणि शहरातली एकूण टंचाई कमी होईल हे मला मान्य आहे, खरंच मान्य आहे. पण टंचाई कमी होते दहा वर्षांत आणि घर सोडायची नोटीस असते दोन महिन्यांची. त्या दहा वर्षांत माझ्या मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईचा डॉक्टर, माझं कामावर जाणं, हे सगळं मोडतं.

म्हणून माझी मागणी क्रमाची आहे. आधी पडीक प्लॉट, मोठाले वाहनतळ, बंद गोदामं आणि एकमजली दुकानांची रांग. मग मालक स्वतः राहतो ती घरं. भाडेकरूंनी भरलेली इमारत सगळ्यात शेवटी, आणि तीही पर्यायी घर आणि परत यायचा हक्क लेखी दिल्यावरच. व्हिएन्नात निम्मे लोक पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात. तिथे आता मोठ्या निवासी प्रकल्पासाठी जमिनीचा वापर बदलून घेतला तर दोन तृतीयांश घरं अनुदानित असावी लागतात. वाढीव बांधकामाचा हक्क ही समाजाने दिलेली देणगी आहे. तिचा हिस्सा समाजाने मागून घ्यायलाच हवा.

तिठा

@भाडेकरू_मी, क्रमाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मूळ लेखात हे यायला हवं ते तुम्ही आणलंत. ऑकलंड आणि ह्यूस्टनमध्ये बरीचशी वाढ जुन्या एकेकट्या घरांच्या प्लॉटवर झाली. भाड्याच्या जुन्या इमारतींवर सगळा दाब येतो तो एरवी, जेव्हा बाकीच्या वस्तीला हात लावायची मुभाच नसते.

पाणलोट

मी ड्रेनेजच्या कामात आहे. पाण्याबद्दल कोणीच काही बोललं नाही, म्हणून लिहितोय.

'आधीच लाइन आहेत' हे वाक्य अर्धंच खरं आहे. मलवाहिनीच्या बाबतीत ते पुष्कळदा टिकतं. ती टाकली तेव्हा एका घरात सहा-सात माणसं धरली होती, आता तीन राहतात. फ्लशच्या टाक्याही पूर्वीपेक्षा निम्म्या पाण्यात चालतात. त्यामुळे थोडी जास्त घरं ती लाइन पेलते. अर्थात, तपासल्याशिवाय कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवू नका.

खरा धोका पावसाच्या पाण्याचा. अंगणात माती असते तेव्हा पहिला पाऊस जिरतो, उरलेला सावकाश वाहतो. प्लॉटभर छप्पर आणि पेव्हर ब्लॉक झाले की तोच पाऊस काही मिनिटांत एकदम गटाराच्या तोंडाशी पोचतो. एका प्लॉटने फरक पडत नाही. म्हणूनच प्रत्येक परवानगीत 'परिणाम नगण्य' असं लिहिता येतं आणि ते त्या प्लॉटपुरतं खोटंही नसतं. अशी चाळीस नगण्य पाणी एका गटारात उतरली की गल्लीच्या उताराच्या टोकाला जो राहतो त्याच्या घरात गुडघाभर पाणी. तो बिचारा नव्या इमारतीत राहतही नसतो. ऑकलंडमध्ये 27 जानेवारी 2023 ला जो पूर आला त्यानंतर तिथे हाच वाद पेटला, की पूररेषेतल्या आणि जुन्या ओढ्यांच्या वाटेवरच्या प्लॉटांवर जास्त घरांना परवानगी द्यायची का. माझ्या मते अजिबात नाही. वाढ सगळीकडे विभागा, पण 'सगळीकडे' मधून ओढ्याची वाट वगळा.

बाकीच्या ठिकाणी उपाय अवघड नाहीत. छपराचं पाणी टाकीत धरून ठेवून बारीक तोंडाने सावकाश सोडायचं. टाकीचं तोंड कचऱ्याने तुंबतं, ते दरवर्षी साफ कोण करणार हे सोसायटीच्या कागदपत्रांत आधीच लिहून घ्यायचं. गवाक्ष म्हणतात ती खोल माती पाण्यासाठीही तितकीच कामाची आहे. झाड आणि गटार यांची भांडणं नाहीत, दोघांना एकच जागा हवी असते.

कोपरा

पाणलोट, उत्तम प्रतिसाद. +१

पायवाट

तिठा यांनी ह्यूस्टनचं कौतुक केलं, त्याची दुसरी बाजू. तिथल्या जोडघरांचे फोटो बघा. तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड करून गॅरेज, त्याच्या वर घर. एका जुन्या घराला एक फाटक होतं, तिथे आता तीन. फुटपाथ दर काही पावलांवर गाडी उतरवण्यासाठी खाली जातो, परत वर येतो. धडधाकट माणसाला ते जाणवतही नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाचं पुढचं चाक प्रत्येक उताराला रस्त्याकडे ओढलं जातं, त्याला एका हाताने सतत सावरावं लागतं. बाबागाडीचंही तेच. गॅरेजच्या दाराशी उभी केलेली गाडी अर्ध्या फुटपाथवर आलेली असते, म्हणजे शेवटी रस्त्यावरूनच चालायचं. दोन फाटकांच्या मधे जो तुकडा उरतो त्यात झाड मावत नाही, कारण बाहेर पडणाऱ्या चालकाला रस्ता दिसला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे तळमजल्यावर माणूसच नाही. खिडकी नाही, ओटा नाही. संध्याकाळी त्या रस्त्यावरून जाताना कोणाची नजर आपल्यावर नसते. एकट्या बाईला आणि लहान मुलाला हा फरक लगेच कळतो.

घरं वाढली म्हणून रस्ता जिवंत होत नाही. तळमजल्यावर काय आहे यावर ते ठरतं.

तिठा

पायवाट, माझ्या दुसऱ्या मुद्द्याला तुम्ही हाडमांस दिलंत. आणि याचं मूळ पार्किंगच्या सक्तीत आहे. एक गाडी उभी करायला, वळवायच्या जागेसकट, 25 ते 30 चौरस मीटर लागतात. दोन गाड्यांच्या जागेत एक लहान घर बसतं. नियम म्हणतो दर घराला अमुक गाड्यांची जागा द्या. लहान प्लॉटवर ती जागा तळमजल्यावरच निघते, आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही घराच्या किमतीत तिचे पैसे भरतो. मेक्सिको सिटीने 2017 मध्ये किमान पार्किंगची अट काढली आणि त्याऐवजी कमाल मर्यादा घातली.

अट काढली तर गाड्या रस्त्यावर येतील, ही भीती रास्त आहे. जपानमध्ये 1962 पासून कायदा आहे की गाडीची नोंदणी करायला ती ठेवायची जागा दाखवावी लागते, आणि रात्रभर रस्त्यावर गाडी सोडता येत नाही. जबाबदारी गाडीवाल्याची, घराची नाही. टोकियोच्या निवासी गल्ल्या अरुंद असून चालायला बऱ्या वाटतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. उजेडाचाही विचार तिथे आकड्यांत केलेला आहे. 1976 पासूनच्या नियमानुसार निवासी भागात ठरावीक उंचीवरच्या इमारतीची सावली वर्षातल्या सर्वात लहान दिवशी शेजाऱ्याच्या हद्दीत किती तास पडेल हे मोजून परवानगी देतात. 'माझं ऊन जाईल' म्हणणाऱ्याला तिथे भावनेच्या आधारावर भांडावं लागत नाही.

दक्षिणायन

एका ठिकाणी असहमत. लहान लहान घरांनी टंचाई भागेल असं मला वाटत नाही. मिनिआपोलिसने डिसेंबर 2018 मध्ये ठरवलं की प्रत्येक निवासी प्लॉटवर तीन घरांपर्यंत परवानगी. जगभर गाजावाजा झाला. प्रत्यक्षात तशी तीन घरांची बांधकामं मोजकीच झाली. नवी घरं आली ती बस-रेल्वेच्या मार्गांवरच्या मोठ्या इमारतींत. जुनं घर पाडून फक्त तीन बांधण्यात खर्च निघत नाही. म्हणजे मोठ्या इमारती लागणारच. 'सौम्य वाढ' ऐकायला छान वाटतं म्हणून तिच्यावरच विसंबलो तर शहर परत वेशीबाहेर पळेल.

तिठा

@दक्षिणायन, मोठ्या इमारतींना माझा विरोध नाही. पण त्या मोठ्या रस्त्यालाच लागून का, हे विचारायला हवं. बहुतेक आराखडे फ्लॅटच्या इमारती सर्वात वर्दळीच्या रस्त्यावर ढकलतात आणि आतली शांत गल्ली एकेकट्या घरांसाठी राखून ठेवतात. ज्यांना फ्लॅटच परवडतो त्यांच्या वाट्याला धूर आणि रात्रभराचा आवाज. दोन गल्ल्या आत चार-पाच मजल्यांना परवानगी दिली तर बसथांबा तेवढाच जवळ राहतो, खिडकीही उघडता येते. तीन घरांत खर्च निघत नाही हे खरं, पण सहा-आठ घरांत निघू शकतो. मधला हा टप्पाच नियमांतून गायब आहे.

सावली

दोन गल्ल्या आत आणि खोल माती राखून असेल तर माझा विरोध उरत नाही. व्हँकुव्हरने 2009 मध्ये मागच्या बोळाकडेला छोटं दुसरं घर बांधायची परवानगी दिली, तोही प्रकार मला आवडला होता. आई-वडील त्याच आवारात पण स्वतःच्या दारामागे राहू शकतात. फक्त तिथेही झाड आधी मोजा, मग घर बसवा.

आणि प्रत्येक रिकामा प्लॉट बांधायलाच हवा असं नाही. फिलाडेल्फियात पडीक प्लॉटांचा कचरा काढून, गवत आणि थोडी झाडं लावून, ठेंगणं लाकडी कुंपण घातलं. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या प्लॉटांवर हा प्रयोग केला होता. 2018 मध्ये निष्कर्ष आले: आसपासच्या लोकांमध्ये उदास वाटण्याचं प्रमाण घटलं, आणि गरीब वस्त्यांत बंदुकीचा हिंसाचारही कमी झाला. ज्या वस्तीत बाग नाही तिथला एखादा प्लॉट असाच राहू द्यावा.

कोपरा

माझा प्रश्न तातडीचा आहे. आमच्या शेजारचं जुनं घर पुढच्या महिन्यात पाडणार, दोन मजली तळघर खोदणार. आमची भिंत हद्दीपासून हातभर अंतरावर आहे. काय करावं?

गवाक्ष

@कोपरा, खोदाई सुरू होण्याआधी तुमच्या घराची स्थिती नोंदवून घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये 1996 च्या कायद्याने शेजाऱ्याच्या पायाजवळ खोदायचं तर महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, आणि दोन्ही बाजूंच्या सर्व्हेयरनी घराची पाहणी करून भेगांची नोंद ठेवायची पद्धत आहे. तुमच्याकडे तसा कायदा नसला तरी पाहणी स्वतः करवून घेता येते. प्रत्येक खोलीचे तारखेसकट फोटो काढा. जुनी भेग असेल तर तिच्या टोकाशी पेन्सिलने खूण आणि तारीख घाला, शेजारी पट्टी धरून फोटो. त्याची एक प्रत बिल्डरला पोच घेऊन द्या. भांडण झालं तर 'ही भेग आधीचीच' हे पहिलं उत्तर येतं, ते इथेच बंद होतं.

त्याला लेखी विचारा: खोदाईच्या कडेला आधार कोणता देणार, आणि खड्ड्यातलं पाणी उपसणार का. उपसा जास्त झाला तर शेजारची जमीन खचते, म्हणून हा दुसरा प्रश्न सोडू नका. कामाचे तासही आत्ताच ठरवून घ्या. इमारत झाल्यावरच्या त्रासाबद्दल सगळे बोलतात, पण दोन-तीन वर्षांच्या ब्रेकरच्या आवाजात घरी आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तर तोच सर्वात मोठा प्रश्न असतो.

पाणलोट

@कोपरा, त्यात एक भर. उपसलेलं पाणी कुठे सोडणार तेही विचारा. गाळासकट ते पावसाळी गटारात गेलं तर गटार भरून येतं आणि पहिल्या मोठ्या पावसात तुमच्याच दाराशी तुंबतं. गटारात सोडण्याआधी गाळ बसायला टाकी ठेवायला लावा. आणि काम सुरू व्हायच्या आधी तुमच्या दारासमोरच्या चेंबरचं झाकण उघडून आतला फोटो काढून ठेवा, गवाक्ष यांनी सांगितलेल्या फोटोंसोबतच.

कोपरा

दोघांचे आभार. उद्या सकाळीच फोटो काढतो. पत्राचा मसुदा इथे टाकला तर नजर घालाल का?

गवाक्ष

टाका. प्लॉट नंबर आणि नावं तेवढी काढून टाका.